भट्टी कुणाची, तूप कुणाचं

दिवाळीच्या फराळाची यादी कागदावर लिहून काढली, की त्यातला एक पदार्थ बाकीच्यांत बसत नाही हे लगेच लक्षात येतं. चकली, शेव, करंजी, शंकरपाळी, अनारसे, चिरोटे हे सगळे तळणीतले. चिवडा फोडणीचा. रव्याचा किंवा बेसनाचा लाडू कढईत भाजून वळलेला. उरते ती नानकटाई. ती तळत नाहीत, परतत नाहीत, उकडतही नाहीत. तिला चारी बाजूंनी कोरडी धग लागते, आणि तशी धग मराठी घरातल्या चुलीला कधीच नव्हती. चूल खालून तापवते. वरून तापवणारं वेगळं साधन आपल्या स्वयंपाकघरात सहसा नव्हतं. तरीही कोल्हापुरात, सांगली-साताऱ्यात, किंबहुना सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात नानकटाईचा डबा फराळाच्या डब्यांशेजारी हक्कानं बसलेला असतो. घरच्या चुलीवर सहजी होत नाही असा पदार्थ ‘घरचा’ कसा ठरला, हे कोडं आहे. त्याचं उत्तर पाककृतीच्या वहीत सापडत नाही. ते सापडतं बेकरीच्या दारात, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लागणाऱ्या रांगेत.

रांगेतल्या माणसांच्या हातात पिशव्या असतात. पिशवीत मैदा, थोडा रवा, पिठीसाखर, वेलदोड्याची पूड आणि झाकण घट्ट लावलेला तुपाचा डबा. बेकरीत हे सगळं तोलून घेतात, कारागीर ते परातीत किंवा ओट्यावर घेतो, आधी तूप आणि साखर पांढरीफेक होईपर्यंत तळहाताच्या टाचेनं फेसतो, मग मैदा त्यात दाबत दाबत मुरवतो. गोळा मळला जात नाही, फक्त एकत्र आणला जातो. छोटे गोळे पत्र्यावर अंतर राखून मांडतात, प्रत्येकाला अंगठ्यानं हलकी चपटी देतात, मधोमध चारोळी, बदामाचा काप किंवा काजूची पाकळी बसवतात आणि पत्रा भट्टीत जातो. कुणाचा पत्रा कुठला याचा घोळ होऊ नये म्हणून चिठ्ठी लावतात. मजुरी किलोवर. घरी येतो तो पदार्थ बेकरीत भाजलेला असतो, पण विकत आणलेला नसतो. हा फरक बारीक वाटतो. माझ्या मते नानकटाईचा सगळा इतिहास या फरकात आहे. नानकटाईचा शोध कुणी लावला या एका प्रश्नाऐवजी भट्टी कुणाची होती आणि तूप कुणाचं होतं असे दोन प्रश्न विचारले, तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आधी हे पाहू, की ती तळता का येत नाही. शंकरपाळी आणि नानकटाई यांचं सामान जवळपास सारखं: मैदा, तूप, साखर. शंकरपाळीत भर पडते ती दुधाची किंवा पाण्याची. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळालं की त्यांची चिवट जाळी तयार होते, तिला ग्लूटेन म्हणतात. ही जाळी शंकरपाळीला तेलात धरून ठेवते. मोहन जास्त झालं तर जाळी तुटते आणि शंकरपाळी कढईत विरघळायला लागते. अनारशाचं असं झालं की बायका ‘अनारसा हसला’ म्हणतात. नानकटाईत तर पाणी घालतच नाहीत. मैद्याचा कण न् कण तुपानं माखलेला असतो, जाळी बनायला वावच उरत नाही. म्हणून ती दाताखाली येताच विरते, आणि म्हणूनच तेलात सोडली तर पहिल्या मिनिटात तिचा गाळ होईल. खुसखुशीतपणा आणि तळणीशी वैर या दोन्हींचं मूळ एकच आहे. लोण्यातल्या स्कॉटिश शॉर्टब्रेडमध्ये थोडी वेगळी गोष्ट घडते. लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे तिथे जराशी जाळी बनते, वडी सुबक कापता येते आणि तुकडा ‘कट्’ असा मोडतो. कढवलेल्या तुपात पाणी नसल्यात जमा. नानकटाई मोडत नाही, ढासळते. भट्टीत तिच्या माथ्यावर पडणाऱ्या भेगा त्याचंच लक्षण आहेत: आतून फुगायचा जोर येतो आणि ताण सहन करणारं काही नसतं.

आता उगमाची नेहमीची गोष्ट. सुरतेत डच व्यापाऱ्यांनी आपल्या माणसांसाठी बेकरी काढली, तिथे पारशी कामगार ठेवले. डच परत गेले तेव्हा बेकरी फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांच्याकडे आली. युरोपीय गिऱ्हाईक गेल्यामुळे पाव पडून राहू लागला, म्हणून त्यांनी नवे टिकाऊ पदार्थ काढले आणि त्यातून नानकटाई जन्मली. गोष्ट सुरेख आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. दोतीवालांची बेकरी सुरतेत आहे आणि १८६१ हे आपलं स्थापनावर्ष सांगते. पण तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या की शिवण उसवते. काही ठिकाणी ही डच बेकरी सोळाव्या शतकाच्या अखेरीची असल्याचं छापलेलं आढळतं. डच ईस्ट इंडिया कंपनीच स्थापन झाली १६०२ मध्ये आणि सुरतेत तिची वखार आली १६१६ च्या सुमारास. डचांनी सुरत सोडली १८२५ मध्ये, म्हणजे १८६१ च्या छत्तीस वर्षं आधी. एखाद्या घराण्याच्या आठवणीत अशी सरमिसळ होणं स्वाभाविक आहे, त्यात कुणाची लबाडी शोधायचं कारण नाही. मात्र एवढ्या पुराव्यावर एका माणसाला एका पदार्थाचा जनक ठरवणं धाडसाचं आहे.

दुसरा पुरावा याहून बोलका आहे आणि तो फारसा कुणी पुढे आणत नाही. यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा इंग्रजांच्या बोलीतल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश १८८६ मध्ये निघाला. त्यात नानकटाईची नोंद आहे: पश्चिम हिंदुस्थानातले मुसलमान करतात तो तुपाळ केक, मुंबईत तो मुख्यतः सुरतेहून येतो. दोतीवालांची बेकरी सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षं झालेली होती, तरी कोशकारांच्या कानावर आलेला कारागीर पारशी नाही, मुसलमान आहे. सुरत मात्र कायम आहे. मराठी वाचकाला सुरत आठवते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्यांमुळे. पण तिची त्या काळातली मोठी ओळख मक्केचं दार अशी होती. हजला जाणारी जहाजं तिथून सुटत, तांबड्या समुद्रातल्या मोखा आणि जेद्दा या बंदरांशी तिचा रोजचा व्यवहार होता. आणि अरबस्तान, सीरिया, इजिप्त या साऱ्या मुलखात घुरैबा नावाची एक मिठाई आजही घरोघर होते: मैदा, साखर, अंड्याशिवाय, गोल, माथ्यावर एक बदाम किंवा पिस्ता, आणि लोण्याच्या जागी सम्ना, म्हणजे लोणी कढवून केलेलं तूपच. डचांच्या बिस्किटांत लोणी असतं. घुरैबा आणि नानकटाई पत्र्यावर शेजारी ठेवल्या तर वेलदोड्याच्या वासाखेरीज वेगळं ओळखणं कठीण जाईल. कणीक जहाजानं आली असेल तर ती हॉलंडच्या दिशेनं आली असं मानण्यापेक्षा तांबड्या समुद्राच्या बाजूनं आली असं मानणं मला अधिक सयुक्तिक वाटतं.

यावर कुणी म्हणेल, मैदा-साखर-स्निग्धाचं मिश्रण कुणालाही सुचेल, त्याला जहाज कशाला हवं? आक्षेप रास्त आहे, आणि काही अंशी मान्यच करायला हवा. स्पेनमध्ये हाच गोळा बदामाची पूड आणि डुकराची चरबी घालून होतो, ग्रीसमध्ये लोणी आणि बदाम घालून, स्कॉटलंडमध्ये नुसत्या लोण्यात. प्रमाण सगळीकडे जवळपासचं. जिथे जे स्निग्ध मुबलक ते त्यात गेलं. आपल्याकडेही तूप आणि भट्टी यांची गाठ युरोपीयांच्या आधीच पडलेली होती. अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी, भट्टीत भाजायच्या एका मोठ्या रोटीचं प्रमाण दिलं आहे: दहा शेर पिठाला पाच शेर दूध आणि दीड शेर तूप. डचांची वखार अजून वीसेक वर्षं दूर होती. पण बादशाही नानबाईची तंदुरी भट्टी नानकटाईच्या कामाची नव्हे. तंदूरमध्ये रोटी भिंतीला चिकटवतात. चिवटपणा नसलेला हा गोळा भिंतीला धरणारच नाही, घसरून निखाऱ्यात पडेल. त्याला सपाट तळाची, पत्रा सरकवता येईल अशी, वर कमान असलेली भट्टी हवी. पश्चिम किनाऱ्यावर ती रुजवली पोर्तुगीजांनी आणि नंतरच्या युरोपीयांनी, आणि चालवली गोव्याच्या पोदेरांनी, मुसलमान नानबाईंनी, पारशांनी, पुढे इराण्यांनी. गोव्याच्या नाताळच्या फराळात, कुस्वारात, नानकटाई आहे हे यामुळे नवलाचं राहत नाही. तेव्हा डचांची गोष्ट टाकून द्यायची गरज नाही. तिच्यातली भट्टी खरी धरावी. कणकेचं श्रेय मात्र तिला देऊ नये.

भट्टी आली म्हणजे मराठी घरात पदार्थ आला, असं मात्र होत नाही. पावाचं काय झालं ते आठवावं. पाव या मुलखात येऊन शतकं उलटली तरी सोवळ्याच्या घरांत तो विसाव्या शतकातही पटकन शिरला नाही. त्याला तीन अडचणी होत्या. गोव्याच्या बाजूला तो माडाच्या सुरेनं फुगवत. तो परधर्मी हातांनी पाण्यात मळलेला असे. आणि विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा वसई-गोव्याकडून सगळीकडे पसरलेल्या होत्या. त्या खऱ्या किती हा वेगळा मुद्दा, पण धास्ती खरी होती. जुन्या आचाराचा एक नियम इथे महत्त्वाचा आहे: पाण्यात शिजलेलं अन्न, म्हणजे भात, भाकरी, आमटी, आपल्याच जातीच्या हातचं, तुपात किंवा दुधात झालेल्या पदार्थाला पुष्कळ सूट. आता नानकटाईचं सामान पुन्हा तपासा. आंबवण नाही, अंडं नाही, पाणी नाही. सगळं बांधलेलं आहे ते तुपानं, आणि तूप तर घरचं. ज्या कारणानं नानकटाई जिभेवर विरते, त्याच कारणानं ती सोवळ्याच्या चाळणीतूनही खाली उतरली असावी, असा माझा तर्क आहे. कुणी शास्त्रीबुवांनी बसून तसा निर्णय दिला असेल असं मला म्हणायचं नाही. असे निर्णय घरातल्या बायका न बोलता घेतात: पाव नको, नानकटाई चालेल, पण सामान आपलं न्यायचं.

कोल्हापुरात हा प्रश्न किती तापलेला होता हे सांगायला वेगळा पुरावा नको. शाहू महाराजांच्या राजवटीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुणाच्या हातचं खायचं हा राज्यकारभाराचा विषय होता. हौदाला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं, आणि अस्पृश्याच्या हातचा चहा कुणी पीत नाही असं दिसल्यावर गाडी थांबवून तिथे जाहीरपणे स्वतः चहा प्यायला सुरुवात केली, सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजला. चहा पाण्यातला. तो पिणं म्हणजे नियम उघड मोडणं, आणि म्हणूनच त्यासाठी छत्रपती लागले. नानकटाईनं नियम मोडला नाही. ती त्याच्या कडेनं निघून गेली. धाडसाच्या तराजूत तिचं वजन अर्थातच कमी भरेल. तडजोडीचे पदार्थ असेच असतात, त्यांचे पुतळे होत नाहीत. तरीही ज्या घरात मुसलमानाच्या बेकरीतला पाव येत नव्हता त्या घरातलं तूप त्याच बेकरीतल्या माणसाच्या हाताखाली फेसलं जात होतं आणि तो पदार्थ लक्ष्मीपूजनानंतर पाहुण्यांपुढे ठेवला जात होता, ही गोष्ट लहान नाही.

सगळ्यांत दणकट आक्षेप असा: हे सोवळं-ओवळं कशाला मध्ये आणता? लोक सामान घेऊन जातात ते स्वस्त पडतं म्हणून आणि तुपात भेसळ नको म्हणून. आजच्या पुरतं हे बहुतांशी खरं आहे. आज रांगेत उभ्या असलेल्या कुणाच्या मनात बेकरीवाल्याचा धर्म नसतो, भेसळ मात्र असते. पण काटकसर एवढंच कारण असतं तर तीच माणसं खारी, टोस्ट आणि पावही सामान देऊन करून घेती. वर्षभर लागणाऱ्या गोष्टींत तर बचत जास्त. तसं होत नाही. खारी-टोस्ट बिनदिक्कत विकत येतात, कारण ते चहाबरोबरचे, दारापलीकडचे पदार्थ आहेत. सामान जातं ते सणाच्या ताटासाठी. रूढीचं मूळ कारण विझलं तरी रूढी दुसऱ्या कारणावर तग धरते, याचं हे चांगलं उदाहरण. आधी चिंता होती आचाराची, मग आली डालड्याची. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि बेकऱ्यांना वरदान मिळालं: स्वस्त, उन्हाळ्यातही घट्ट, फेसायला सोपा. बाजारच्या नानकटाईतून साजूक तूप जवळपास हद्दपार झालं. डालड्यासारख्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचा धोका कळायला आणि त्यावर मर्यादा यायला किती काळ गेला पाहा. भारतात तेलातुपातली ही मर्यादा दोन टक्क्यांवर आली ती जानेवारी २०२२ पासून. या सगळ्या दशकांत पिशवीत घरचं तूप घेऊन जाणारी घरं, कारण काहीही असो, फायद्यात राहिली. अर्थात पिशवीतून डालडाच नेणारीही पुष्कळ होती, हेही सांगायला हवं. साजूक तूप सगळ्यांच्या ऐपतीत कधी नव्हतं.

तुपाच्या बाबतीत कोल्हापूरचं काही खास आहे का? आहे, आणि ते म्हशीत आहे. गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देणारं हे गाव. पंचगंगा-भोगावतीच्या काठचा उसाचा मुलूख म्हणजे वाड्याचा, उसाच्या शेंड्यांचा, हिरवा चारा, आणि त्यावर पोसलेली दुभती जनावरं. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघानं, म्हणजे गोकुळनं, त्याचा मोठा धंदा केला. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दीडपटीहून अधिक भरतो. तिचं तूप पांढरं, कारण चाऱ्यातलं पिवळं कॅरोटीन म्हैस दुधात येऊ देत नाही, त्याचं जीवनसत्त्व करून टाकते. ते रवाळ आणि गाईच्या तुपापेक्षा थोडं घट्ट असतं, दिवाळीच्या थंडीत चांगलं थिजतं. नानकटाईला हेच हवं. पातळ तूप फेसताना हवा धरत नाही आणि गोळा पत्र्यावर पसरतो. थिजलेलं, रवाळ तूप हवा कोंडून ठेवतं आणि नानकटाई उभी राहते, रंगानंही फटफटीत गोरी. गाईच्या तुपाच्या नानकटाईला वास चांगला, पण तिचा रंग पाहून कोल्हापुरी म्हातारी नाक मुरडणार.

गंमत म्हणजे, गुळाच्या या गावानं नानकटाईत गूळ घातला नाही. शाहूपुरीची पेठ वसली १८९५ मध्ये ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी नानकटाई साखरेची. गुळात ओलावा असतो आणि तो हवेतला ओलावाही ओढतो. ओलावा आला की जाळी आली, खुसखुशीतपणा गेला. अलीकडे सुक्या गूळपुडीची नानकटाई दुकानांत दिसते, चवीला चांगलीही लागते, पण ती दातांना जरा दाद देत नाही. काजूची गोष्ट उलटी. चंदगड आणि आजरा या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या तालुक्यांत काजूच्या बागा आहेत आणि गर काढणारे कारखानेही. झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात किनाऱ्यावर आणलेलं. घुरैब्याच्या माथ्यावरचा पिस्ता इकडे महाग. त्याची जागा आधी रानातल्या चारोळीनं आणि ऐपत वाढली तशी चंदगडी काजूनं घेतली. अरबी धाटणीची कणीक, पोर्तुगीज वळणाची भट्टी, ब्राझीलचं फळ आणि करवीरच्या म्हशीचं तूप. या चौघांत परकं कोण, हे ठरवायला बसलं तर शेवटी फक्त म्हैस इथली उरेल.

आता घरोघर छोटे विजेचे ओव्हन आले, मग रांग कशी टिकणार, असं विचारलं जातं. त्याआधीही घरी भाजायची एक युक्ती होतीच: पातेल्यात वाळू तापवायची, झाकणावर निखारे ठेवायचे. गोव्यात बेबिंक असंच वरच्या निखाऱ्यांवर होतं. पण त्यात एका वेळी आठ-दहा नग निघतात, घरच्या ओव्हनमध्ये फार तर दोन डझन. दिवाळीला लागते ती चार-पाच किलो, शेजारी द्यायची धरून. शिवाय लाकडाच्या भट्टीचा एक गुण विजेला नाही. पाव उतरला की तिची धग हळूहळू उतरू लागते, आणि त्या उतरत्या धगीवर नानकटाई तांबूस न होता आतपर्यंत भाजली जाते. घरच्या ओव्हनचा काटा ठरलेल्या आकड्यावर थांबतो, म्हणून पहिला घाणा कडेनं करपतो आणि मधे कच्चा राहतो. कोल्हापुरातल्या बऱ्याच बेकऱ्या आता डिझेलच्या किंवा विजेच्या फिरत्या भट्ट्यांवर गेल्या आहेत. तिथला कारागीर पावाचा पत्रा काढल्यावर काटा मुद्दाम खाली आणतो, थोडा वेळ दार उघडं ठेवतो, आणि मगच पिशव्यांतलं सामान फेसायला घेतो.